ग्लेरा द्राक्ष आणि फसफसणारी वाइन

गोळीच्या सोड्याची बाटली उघडताच वायू फसकन उसळतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. सोड्यातील हा कार्बन डाय-ऑक्साइड वायू कारखान्यात यंत्राने दाब देऊन बाहेरून भरलेला असतो. इटलीच्या ईशान्य भागात ग्लेरा नावाच्या पांढऱ्या द्राक्षापासून प्रोसेक्को नावाची फसफसणारी वाइन करतात. तिच्यातही हाच वायू असतो. परंतु तो बाहेरून आणलेला नसून वाइनमध्येच जन्मलेला असतो. तो कसा जन्मतो आणि त्यास कोंडून ठेवण्यास कोणते पात्र योग्य, हे येथे पाहावयाचे आहे.

द्राक्षाच्या रसातील साखरेवर यीस्ट हे एकपेशीय सूक्ष्मजीव वाढतात आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करतात. या क्रियेस किण्वन म्हणतात. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून सुमारे ९२ ग्रॅम अल्कोहोल व ८८ ग्रॅम वायू निर्माण होतो. म्हणजे साखरेचा जवळजवळ निम्मा भाग वायुरूप होतो! पहिल्या किण्वनात हा वायू हवेत निघून जातो व साधी वाइन उरते. तीत मोजकी साखर व नवे यीस्ट घालून ती घट्ट बंद पात्रात ठेवली, म्हणजे किण्वन पुन्हा सुरू होते. आता वायूस वाट नसते. पात्रातील दाब वाढतो व त्या दाबाखाली वायू वाइनमध्ये विरघळून राहतो. ढोबळ मानाने दर लिटरमागे ४ ग्रॅम साखर एक वातावरण इतका दाब निर्माण करते. पुढे बूच निघाले की दाब एकदम उतरतो आणि जास्तीचा वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो.

फ्रान्समधील शँपेन वाइनचे हे दुसरे किण्वन प्रत्येक बाटलीत स्वतंत्रपणे घडवितात. दाब ५ ते ६ वातावरणांपर्यंत चढतो. साखरेचा अंदाज चुकला तर बाटली फुटे. म्हणून एकोणिसाव्या शतकात तळघरांतील कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून काम करीत. किण्वन संपल्यावर मृत यीस्टचा गाळ प्रत्येक बाटलीतून वेगळा काढावा लागतो. शिवाय ही वाइन निदान १५ महिने बाटलीत मुरवावी, असा तेथील नियम आहे. या अवधीत यीस्टच्या मृत पेशी विघटित होतात आणि वाइनला भाजलेल्या पावासारखा स्वाद येतो.

ग्लेराच्या टेकड्यांवरही पूर्वी बाटलीतच पुन्हा किण्वन होऊ देत. हिवाळ्यातील थंडीने थांबलेले किण्वन वसंतातील उबेने पुन्हा सुरू होई आणि गाळ तळाशीच राही. या जुन्या पद्धतीची वाइन आजही थोड्या प्रमाणात तयार होते. परंतु ग्लेराचे वैशिष्ट्य म्हणजे सफरचंद, नासपती व पांढरी फुले यांची आठवण करून देणारा तिचा हलका, ताजा सुवास. गाळाशी दीर्घ सहवास घडला तर यीस्टचा स्वाद वरचढ होतो आणि हा सुवास मागे पडतो.

या अडचणीतून सुटण्याचा मार्ग आस्ती येथील संशोधक फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी दाखविला. दुसरे किण्वन बाटलीऐवजी मोठ्या बंद टाकीत घडविण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी १८९५ मध्ये घेतले. १९०७ मध्ये फ्रान्सच्या यूजेन शार्मा यांनी तीत सुधारणा केल्या. आज पोलादी टाकीत नियंत्रित तापमानास काही आठवडे किण्वन चालते. हवा तेवढा दाब साधला की टाकी शून्य अंशाखाली थंड करतात. यीस्टचे कार्य थांबते. मग दाब तसाच राखून वाइन गाळतात व बाटल्यांत भरतात. हजारो बाटल्यांचा गाळ एकदाच निघतो, खर्च वाचतो आणि सुवासही टिकतो.

टाकीची वाइन स्वस्त, म्हणून ती हलक्या प्रतीची, असे समजणे मात्र योग्य नव्हे. कोनेल्यानो व व्हाल्दोब्बिआदेने या गावांमधील उभ्या उतारांवर मशागत व तोडणी बहुतांशी हातांनीच करावी लागते. गवताने बांधलेल्या अरुंद पायऱ्यांवरील हे मळे २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

या शेतकऱ्यांपुढे नावाचाही प्रश्न होता. पूर्वी द्राक्षासही प्रोसेक्को असेच म्हणत. द्राक्षाची जात कोणीही कोठेही लावू शकतो. मग तिचे नाव एका प्रदेशापुरते राखावे कसे? २००९ मध्ये द्राक्षास ग्लेरा हे जुने नाव अधिकृतपणे देण्यात आले. त्रिएस्तेजवळील प्रोसेक्को या गावाच्या आधारे 'प्रोसेक्को' हे स्थलवाचक नाव ठरविण्यात आले आणि युरोपीय संघात त्यास संरक्षण मिळाले. त्या नावाच्या वाइनमध्ये किमान ८५ टक्के ग्लेरा असावी लागते.

शँपेनला जो दीर्घ काळ गुण देतो, तोच ग्लेराचा गुण झाकून टाकतो. पद्धतीची थोरवी तिच्या प्रतिष्ठेवरून किंवा खर्चावरून ठरत नाही. हाती असलेल्या द्रव्याचा स्वभाव ती किती राखते, यावरून ठरते.