आजींनी पाणी का सोडले?

गेल्या उन्हाळ्यात ७८ वर्षांच्या एका आजींना मुलाने दवाखान्यात आणले. "डॉक्टर, दोन दिवस झाले, काहीबाही बरळते. म्हातारचळ लागला." जीभ कोरडी, लघवीत जंतुसंसर्ग. सलाईन व औषधे दिली. चौथ्या दिवशी आजी नातवंडांना नावाने हाका मारू लागल्या. मी हळूच विचारले, "आजी, पाणी का पीत नव्हता?" म्हणाल्या, "रात्री उठावं लागतं. संडास अंगणापलीकडे, अंधार. पोरांची झोप कशाला मोडू?"

वाचकहो, उतारवयात तहान कमी लागते. त्यात पाणी टाळले, की असा भ्रम होऊ शकतो. असे अचानक बरळणे म्हातारपणावर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाणी किती द्यावे, हेही विचारा.

वृद्ध आई-वडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलांवर टाकली आहे. पण रात्री हाकेला ओ देणे कोणता कायदा शिकवणार? सणाला आपण पाया पडतोच. आता वाटेत एक दिवा लावा, भिंतीला धरायला दांडी बसवा. शेजारी कोणी वृद्ध एकटे असतील, तर त्यांचीही रोज चौकशी करा. आणि आज झोपताना एवढेच सांगा, "आई, रात्री उठायचं झालं तर मला हाक मार."