बांधावरचे रान

तुमच्या जिल्ह्यात जंगल किती आहे? नांदेडच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारला, तर तो लगेच किनवट-माहूरकडे बोट दाखवील. तिकडे सागाची जंगले आहेत आणि पैनगंगेच्या काठचे अभयारण्यही आहे. लातूरच्या विद्यार्थ्याला मात्र जरा विचार करावा लागेल. लातूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,१५७ चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातला जंगलाने झाकलेला भाग एक टक्काही भरत नाही.

मग औसा, निलंगा, उदगीर, मुखेड, कंधार, देगलूर या तालुक्यांतून तितर, ससे, मुंगूस, घोरपडी, सुगरणी राहतात तरी कोठे? बोर, हिवर, पळस, बाभूळ, बेल ही आपल्या मातीतली झाडे उगवतात कोठे? याचे उत्तर सरकारी नकाशावर हिरव्या रंगाने दाखवलेले नसते. ती राहतात लोकांच्या खाजगी जमिनीवर: शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी, विहिरीच्या कडेला आणि नांगर न लागलेल्या माळावर. या लेखात आपण मुख्यतः बांधाचा विचार करू. काही गावांत त्याला धुरा म्हणतात.

थोडे गणित

एक हेक्टरचे चौरस शेत घ्या. त्याची प्रत्येक बाजू १०० मीटर, म्हणून परिमिती ४०० मीटर. पण प्रत्येक बांध दोन शेतांच्या सामाईक असतो. म्हणून एका हेक्टरच्या वाट्याला निम्मा, म्हणजे २०० मीटर लांबीचा बांध येतो. बांधाची रुंदी १ मीटर धरली तर त्याचे क्षेत्र २०० चौरस मीटर झाले. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. म्हणजे बांधाने व्यापलेली जमीन झाली २ टक्के.

दोन टक्के ही संख्या किरकोळ वाटते ना? आता तिला जिल्ह्याची मोजपट्टी लावा. लातूर जिल्ह्यात ५ लाख हेक्टर जमीन अशा शेतांची आहे असे धरून चालू. तिचे २ टक्के म्हणजे १०,००० हेक्टर, म्हणजेच १०० चौरस किलोमीटर. जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा १ टक्का होतो सुमारे ७२ चौरस किलोमीटर, आणि जंगल त्याहूनही कमी आहे. याचा अर्थ असा की प्रत्येक शेताला एक मीटर रुंदीचा बांध असेल, तर बांधांचे एकूण क्षेत्र जिल्ह्यातल्या जंगलापेक्षा जास्त भरते!

शेते लहान असतील तर हे प्रमाण आणखी वाढते. शेताची बाजू निम्मी, म्हणजे ५० मीटर केली, तर बांधाचे प्रमाण दुप्पट, म्हणजे ४ टक्के होते. आकार लहान होत गेला की क्षेत्रफळाच्या मानाने कडा वाढत जाते, हा भूमितीचा साधा नियम आहे. वाटण्या होऊन शेतांचे तुकडे पडतात याबद्दल आपण नेहमी हळहळतो. पण रानाच्या दृष्टीने त्यात हा एक गुणही आहे.

कोरलेला बांध

हे गणित उलट्या दिशेनेही करता येते. बांध कोरणे हा शब्दप्रयोग तुम्ही ऐकला असेलच. दरवर्षी नांगराचा किंवा ट्रॅक्टरचा फाळ थोडाथोडा आत सरकतो, शेजारीही तेच करतो, आणि एक मीटरचा बांध काही वर्षांत वीतभर उरतो. त्याची रुंदी ३० सेंटीमीटर झाली असे समजा. आपल्या हिशेबातले १०० चौरस किलोमीटर आता ३० वर आले. ७० चौरस किलोमीटर रान गेले, आणि त्यासाठी कोणी जंगल तोडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली नाही.

शेतकऱ्याला यात काय मिळाले? हेक्टरी १४० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ९९ गुंठ्यांच्या शेतात दीड गुंठ्याहूनही कमी. सोयाबीनच्या थोड्या जास्त ओळी बसल्या, एवढेच. यासाठी भावाभावांत वैर येते आणि कज्जे कचेरीत जातात, हे वेगळेच. सर्वच बांध असे गेलेले नाहीत. पण काठापासून काठापर्यंत एकच पीक, बांधावर तणनाशकाची फवारणी आणि उन्हाळ्यात बांध पेटवून देणे यांमुळे जे उरले आहेत तेही उघडे पडत आहेत.

बांध काय काम करतो?

आता यातले पदार्थविज्ञान पाहू. ओले कपडे वाऱ्यावर लवकर वाळतात. कापडालगत साठलेली दमट हवा वारा वाहून नेतो आणि तिच्या जागी कोरडी हवा येते, म्हणून बाष्पीभवन वाढते. शेतातील मातीचे आणि पिकाच्या पानांचेही असेच होते. बांधावर झाडाझुडपांची रांग असेल तर वाऱ्याचा वेग कमी होतो. हा परिणाम रांगेच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत चांगला जाणवतो. झाडे ५ मीटर उंच असतील तर ५० मीटरपर्यंत, म्हणजे आपल्या एक हेक्टरच्या निम्म्या शेतापर्यंत. गंमत अशी की यासाठी भक्कम भिंतीपेक्षा थोडा वारा आरपार जाऊ देणारी झुडपांची रांग अधिक चांगली. भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करून खाली येतो; बोरी-बाभळींतून गाळून आलेला वारा मात्र मंदावतो.

पाण्याचेही असेच आहे. वाहत्या पाण्याची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मारवेल, पवन्या, कुसळी अशा गवतांनी पाण्याचा वेग निम्मा केला तर तेवढ्याच पाण्याची ऊर्जा चौथाईवर येते. काळी माती वाहून नेण्याची त्याची ताकद घटते, आणि थांबलेल्या पाण्याला मुरायला वेळ मिळतो. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात मुरलेल्या पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

बांधावरचे रहिवासीही रिकामे बसत नाहीत. बाभळीच्या टोकावरचा कोतवाल पिकावरचे किडे टिपतो. कृषी खाते हरभऱ्याच्या शेतात पक्षी थांबे उभारायला सांगते ते याच कारणाने. बांधावरचे झाड हा तर कायमचा पक्षी थांबा! ढोलीतला पिंगळा आणि बिळातली धामण उंदीर खातात. करडई, कारळ, सूर्यफूल या पिकांवर येणाऱ्या मधमाश्यांना पीक नसताना बांधावरच्या फुलांचाच आधार असतो. शिवाय बांध एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे ससा किंवा मुंगूस ओढ्यापासून माळापर्यंत आडोशाने जाऊ शकतो.

आपलीच झाडे कशासाठी?

येथे कोणी विचारील, झाड ते झाड, मग गुलमोहर किंवा निलगिरी लावली तर काय बिघडले? याचे उत्तर पानांत आहे. बहुतेक वनस्पती किड्यांपासून बचावासाठी पानांत कडू किंवा विषारी रसायने तयार करतात. हजारो वर्षे शेजारी राहून काही कीटकांनी ती पचवायची युक्ती साधली आहे. रुईचा चीक विषारी. पण बांधावरच्या रुईचे पान उलटून पाहा, त्यावर काळे-पिवळे पट्टे असलेली सुरवंटाची स्वारी दिसेल. तिचे पुढे नारिंगी रंगाचे फुलपाखरू होते. परदेशातून आलेल्या झाडाशी आपल्या कीटकांची अशी जुनी ओळख नसते. अळ्या नाहीत, तर पिलांना भरवायला पक्ष्यांना खाद्य नाही. गाजर गवत, घाणेरी आणि वेडी बाभूळ या पाहुण्यांनी तर घरच्यांचीच जागा बळकावली आहे.

सावलीचे भांडण

बांधावर झाड नको, असे म्हणणारा शेतकरी अडाणी नसतो. झाडाजवळ पीक कमी येते, हे खरेच आहे. मुळे पाणी ओढतात आणि सावली पडते. पण सावली कोठे पडते याचा हिशेब आधी करता येतो.

लातूरचे अक्षांश सुमारे १८.४ अंश उत्तर. डिसेंबरअखेर सूर्य २३.४ अंश दक्षिणेस असतो. म्हणून भर दुपारी तो क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर दक्षिणेकडे दिसतो, आणि ५ मीटर उंच झाडाची सावली साडेचार मीटर उत्तरेकडे पडते. जून महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा हीच सावली अर्धा मीटरही भरत नाही. म्हणजे बांध पूर्व-पश्चिम धावत असेल, तर रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्यावर पडणारी सगळी सावली उत्तरेकडच्या शेजाऱ्याच्या वाट्याला येते. त्याने भांडले तर त्याचे काय चुकले? बांध दक्षिणोत्तर असेल तर सकाळची सावली एकाकडे व दुपारनंतरची दुसऱ्याकडे जाते, दोघांना सारखी. म्हणून दक्षिणोत्तर बांधावर अंतराअंतराने झाडे ठेवावीत, आणि पूर्व-पश्चिम बांधावर गवत व बोरीसारखी बुटकी झुडपे राखावीत. बाभूळ, हिवर यांची पाने बारीक असल्याने त्यांची सावलीही विरळ असते.

कायदा आणि मालक

खाजगी जमिनीवरचे निसर्गरक्षण केवळ हुकुमाने होत नाही, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे सबंध लातूर जिल्ह्यापेक्षा मोठे होते, आणि त्यात बहुतांश लोकांची शेते व गावे होती. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, नाराजी वाढली, आणि २०१२ च्या सुमारास ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माळढोक मात्र महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. या पक्ष्याला झाडे नकोत, मोकळे गवताळ माळ हवेत. त्यामुळे माळ पडीक समजून त्यावर दाट झाडी लावणे हेही रक्षण नव्हे.

झाडतोडीबाबत राज्यात १९६४ चा कायदा आहे. मोहा, चिंच, आंबा, जांभूळ, अंजन अशी काही झाडे स्वतःच्या शेतातलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यात २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने एक नवी वाटही उघडली आहे. गावाने किंवा एखाद्या मालकाने आपण होऊन तयारी दाखवली, तर त्या जमिनीला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळू शकतो. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या यंत्रांसाठी शेतांची जुनी झुडपी कुंपणे उखडली गेली. चूक कळल्यावर १९९७ मध्ये त्यांच्या रक्षणासाठी नियम करावे लागले, आणि ती पुन्हा लावण्यासाठी शेतकऱ्यांना पैसेही द्यावे लागले.

अर्थात बांध म्हणजे जंगल नव्हे. तेथे वाघ राहणार नाही. काळविटांचे कळप आणि रानडुकरे पिकाची नासधूस करतात, तो प्रश्नही बांधाने सुटत नाही. त्यासाठी शेतकऱ्याला वेळेवर भरपाईच मिळाली पाहिजे. पण जेथे जंगल एक टक्काही नाही, तेथे दोन टक्क्यांचा बांध ही मोठी ठेव आहे.

करून पाहा

१. आपल्या किंवा मित्राच्या शेताच्या बांधाची रुंदी दर २० पावलांवर मोजा व सरासरी काढा. शेताच्या क्षेत्रफळाशी तिचा हिशेब करून बांध किती टक्के आहे ते ठरवा.

२. बांधावरच्या झाडाझुडपांची व गवतांची गावातली नावे आजी-आजोबांना विचारून लिहा. त्यांतील बाहेरून आलेली कोणती, ते शिक्षकांच्या मदतीने वेगळे करा.

३. एक मीटरची काठी सरळ रोवून महिन्यातून एकदा दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजा. वर्षभराच्या नोंदींवरून बांधावरच्या झाडाची सावली कोणत्या महिन्यात कोठवर जाते, ते काढता येईल.

वर्गातल्या प्रत्येकाने एका शेताची नोंद आणली, तर शिक्षकांनी त्या गावाच्या नकाशावर मांडाव्यात. रुंद बांध हिरव्या रेघेने व कोरलेले बांध लाल रेघेने दाखवा. आपल्या गावाचे रान कोठे तुटले आहे आणि कोणत्या दोन शेजाऱ्यांनी मनावर घेतले तर ते पुन्हा जोडले जाईल, हे त्या नकाशावरून कळेल. मग तो ग्रामसभेत घेऊन जा.