मोटर लोडवर घेताना

इचलकरंजीतलं रिवाइंडिंगचं दुकान. बाहेर मागांचा खडखडाट, आत वार्निशचा उग्र वास. नवी तार भरलेली एक हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर बाकावर चार बोल्टांनी आवळून बसवली आहे. मिस्त्री इन्सुलेशन तपासायला मेगर लावतात. काटा शंभर मेगओहमच्या पुढे जातो. मग अर्थिंगची तार हाताने ओढून बघतात.

हाताखालचा पोरगा स्टार्टरकडे वळतो.

"घड्याळ काढ की आधी! बाह्या वर कर."

शाफ्टवर वीस सेंटिमीटर व्यासाचा ड्रम आहे. त्यावरून कॅनव्हासचा पट्टा, दोन्ही टोकांना ताणकाटे. पट्टा अजून ढिला आहे, कारण मोटर नेहमी मोकळीच सुरू करायची. बटण दाबताच ती गुणगुणायला लागते. टांग टेस्टरवर एक अँपिअर, फेरे मिनिटाला १४९०. पोरगा खूश. मिस्त्री मात्र नाहीत. मोकळी काय, कुठलीही मोटर गोड गाते.

आता ते पट्टा आवळायचं हातचाक सावकाश फिरवतात. पट्टा चावतो, आवाज घोगरा होतो. एक काटा ७.२ किलोवर, दुसरा २ वर. फरक ५.२ किलो, त्रिज्या दहा सेंटिमीटर, म्हणजे टॉर्क साधारण ५.१ न्यूटन-मीटर. फेरे १४१०. टॉर्क आणि कोनीय वेग यांचा गुणाकार ७५० वॉटच्या आसपास येतो, म्हणजे एक हॉर्सपॉवर. पूर्ण लोड! तिन्ही फेजवर १.८ अँपिअर, नेमप्लेटवर १.९ आहे.

हे ७५० वॉट जातात कुठे? सगळे ड्रमच्या उष्णतेत. घरातल्या इस्त्रीइतका तो तापतो. म्हणून पोरगा ड्रमच्या आतल्या पन्हळीत पाणी ओततो. फिरण्याच्या जोराने ते कडेला चिकटून राहतं, वाफ निघते. मोटरवर थेंब उडू नये म्हणून मध्ये पत्रा उभा केला आहे. पोरगा काटा वाचायला पट्ट्यासमोर वाकतो, तोच मिस्त्री त्याला दंडाला धरून बाजूला ओढतात.

"सांगून तुटतोय व्हय पट्टा?"

काही ठिकाणी शाफ्टवर लाकडाची फळी दाबून लोड देतात. ते कसब नव्हे, शुद्ध बेफिकिरी.

अर्ध्या तासाने मिस्त्री आधी पट्टा ढिला करतात, मगच मोटर बंद. पट्टा आवळलेला राहिला आणि कुणी चुकून बटण दाबलं, तर मोटर अडकू शकते; मग ती नुसती पाच-सहापट करंट ओढत बसते आणि नवं वाइंडिंग जळू शकतं. ड्रमला अजून कुणी हात लावत नाही.

तुमची मोटर भरून आणायला जाल, तेव्हा "फिरते ना?" एवढ्यावर पैसे देऊ नका. लोडवर किती अँपिअर घेते, ते आकडे बिलाच्या मागे लिहून घ्या.