नवी शार्क सापडते कुठे? अनेकदा बंदरावरच्या मासळीच्या ढिगात!

घोलवड : शार्क म्हटलं की डोळ्यांपुढे निळंशार पाणी आणि त्यात उतरलेला डायव्हर येतो. घोलवड-बोर्डीच्या किनाऱ्यावर हे चित्र विसरा. खंबातच्या आखाताकडचा गाळ आणि भरती-ओहोटीची ओढ यामुळे इथलं पाणी बहुतेक वेळा गढूळ असतं. इथे शार्क दिसते ती बाजारात, मुशी किंवा मोरी या नावाने. आणि मग थेट कालवणात.

गंमत म्हणजे, शास्त्रज्ञांनाही ती अनेकदा तिथेच भेटते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये 'स्क्वॅलस हिमा' ही शार्कची नवी प्रजाती जाहीर केली. तिचे नमुने मिळाले होते केरळच्या शक्तिकुळंगरा मासेमारी बंदरात.

मुंबईचा किस्सा तर आपल्या अगदी जवळचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये ससून डॉकवर २६६ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास पावणेनऊ फुटांची एक मादी उतरली. ती निघाली गंगा शार्क! नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरची आणि २००१ पासून कायद्याने संरक्षित. अरबी समुद्रात दशकभराहून अधिक काळ तिची नोंदच झाली नव्हती. त्या दिवशी जाणकार नजर डॉकवर नसती तर? एक मोठी मुशी म्हणून विकली गेली असती, इतकंच.

ओळखायची कशी?

गंगा शार्क आणि बुल शार्क यांच्यात भलेभले गोंधळतात. पाठीवरचे दोन पर पाहा. गंगा शार्कचा मागचा पर पुढच्याच्या साधारण निम्म्या उंचीचा असतो, बुल शार्कचा त्या मानाने लहान. बुल शार्क पालघरला नवी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मनोरजवळ वैतरणा खाडीत तरुणाच्या पायाचा लचका तोडला, ती हीच.

मग डायव्हरचं काय काम?

भीती वाटते म्हणूनच पाण्यात उतरणारे बरेच असतात. पण त्यांचे फोटो खरोखर उपयोगी पडतात. व्हेल शार्कच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकीची वेगळी. आकाशातले तारे जुळवण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी तयार केलेला अल्गोरिदम वापरून फोटोतली शार्क कोणती, हे संगणक शोधतो. (इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत हे उदाहरण कुणी दिलं असतं तर अल्गोरिदमचा पेपर इतका जड गेला नसता.)

घोलवड, डहाणू, झाईच्या मच्छीमारांना त्यासाठी डायव्हिंग शिकायची गरज नाही. व्हेल शार्कसारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि जाळं कापून सोडला, तर डिसेंबर २०१८ च्या निर्णयानुसार राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. पुरावा म्हणून सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. त्यामुळे बोटीवर निघताना मोबाइल चार्ज करून घ्या.