संशोधन बेल्यापर्यंत पोहोचेल काय?

वैद्यकीय संशोधन म्हटले की परदेशातील प्रयोगशाळा आणि महागडी यंत्रसामग्री डोळ्यांसमोर उभी राहते. तथापि गोरगरिबांच्या उपयोगी पडलेले कित्येक निष्कर्ष आपल्याकडील खेड्यापाड्यांत, रुग्णांच्या उशाशी बसूनच हाती आले आहेत. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या बेला या गावाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ काय, हा प्रश्न आम्हांस उपस्थित करावयाचा आहे. बेल्याच्या परिसरात राज्यकारभाराची भाषा तेलुगू. घरांतून मराठी बोलणारी वस्ती मोठी, आणि शेजारी गोंडांची गावे. या गोष्टीचा औषधोपचाराशी संबंध काय, असे कोणास वाटेल. तो फार जवळचा आहे.

विंचूदंशाचेच पाहा. कोकणातील लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरते आणि रोगी दगावतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तदाब उतरविणारे साधे औषध वापरून कित्येकांचे प्राण वाचविले. पुढे त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावसकरांनी ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले; नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी केवळ ८. उपचार उत्तमच, परंतु तो वेळेवर मिळावयास हवा. दरदरून घाम, वांत्या आणि गार पडलेले हातपाय ही धोक्याची खूण आहे, मांत्रिकाकडे न जाता तडक दवाखाना गाठावा, हे शेतमजुराच्या घरात कोणी आणि कोणत्या भाषेत सांगावयाचे?

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातीलच स्त्रियांना नवजात अर्भकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. ३९ गावांतील या प्रयोगाने अर्भकमृत्यूंत झालेली मोठी घट १९९९ साली लॅन्सेटमधून जगापुढे आली. बाळंतिणीच्या दारात बाहेरची बाई उभी राहिली असती तर हे घडले असते काय?

आपल्या गोव्यातील उदाहरण तर याहून बोलके आहे. येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांना वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांनी काही बैठकांत संभाषणातून आधार दिला. ‘संगाथ’ संस्थेच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. समुपदेशन लाभलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले, इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते. येथे गोळी नाही, सुई नाही. बोलणे हेच औषध. ते रुग्णाच्या भाषेत नसेल तर उपचारच झाला नाही, असे म्हणावे लागेल.

क्षयरोगाबाबत २०२३ साली झारखंडातील चाचणीचे निष्कर्ष आले. रुग्णाच्या घरातील माणसांना पुरेसा शिधा दिल्याने त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. क्षयरुग्णांच्या पोषणासाठी केंद्र सरकार देत असलेले मासिक साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेवरून हजार रुपये झाले आहे. पण ते कसे मिळवावे, हे अर्ज वाचता न येणाऱ्यास कोणी तरी समजावून सांगितले पाहिजे.

हिंदी सर्वांना समजतेच की, असे यावर उत्तर मिळेल. बाजारहाटापुरते ते खरे. मध्यरात्री विंचू चावलेल्या पोराची आई काय होते आहे ते मायबोलीतच सांगते. म्हणून बेल्यासारख्या सीमाभागात आशा कार्यकर्त्यांच्या शिक्षणाची पुस्तिका, दवाखान्यातील फलक आणि रुग्णाच्या हाती दिली जाणारी सूचनापत्रे मराठीत छापली जावीत, आणि गोंडी जाणणारी व्यक्ती आरोग्य केंद्रात नेमलेली असावी, अशी आमची तेलंगण सरकारला विनंती आहे. खर्च किरकोळ आहे. सिरोंचा तालुक्यातील तेलुगू भाषकांसाठी महाराष्ट्र सरकारनेही हेच करावे.