आबांची रिव्हॉल्व्हर: ठेवायची की विकायची?

इअरफोन घरी विसरलेत, किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं वाटतं, अशा सगळ्यांसाठी या भागाचं हे लेखी रूप. मध्ये मध्ये मी चहा पिण्यासाठी थांबलो होतो, तेवढं गाळलंय.

आजचा प्रश्न: जीव जडलेली, पण काडीचा उपयोग नसलेली वस्तू विकायची की ठेवायची? जुनी राजदूत असती तर प्रश्न पडला नसता. गोठ्याच्या कडेला ताडपत्री टाकून ठेवली असती. पण आमच्याकडची वस्तू आहे रिव्हॉल्व्हर. खरीखुरी, चालू स्थितीतली, परवाना असलेली. पप्पांचं वय आता ७२. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलंय आणि त्यांनी फोनवर सरळ विचारलं, "तुझ्या नावावर करून घेतोस का बोल. नाहीतर विकून मोकळं होऊ."

मी इंजिनिअर माणूस. भावनेचा प्रश्न आला की मी त्याचे तुकडे करतो. तर करू या.

वस्तू नेमकी आहे काय?

आमचे आबा कराडला गुळाचे अडते होते. सौदे झाले की रोकड पिशवीत घालून रात्रीची एसटी धरायची, असा तो काळ. त्यासाठी त्यांनी परवाना काढला आणि एका शस्त्रविक्रेत्याकडून वापरलेली वेब्ली अँड स्कॉट घेतली. बर्मिंगहॅमची कंपनी, पॉइंट ३२ बोअर, सहा गोळ्या.

हिची रचना बघण्यासारखी आहे. हॉलिवूडच्या सिनेमात सिलिंडर बाजूला झुलतो, तसं इथं होत नाही. मागची कळ अंगठ्यानं दाबली की अख्खी नळी बिजागरीवर पुढे झुकते, आणि आतला चांदणीच्या आकाराचा तुकडा वर येऊन सहाही पुंगळ्या एकदम बाहेर ढकलतो. याला टॉप-ब्रेक म्हणतात. भरायला-रिकामी करायला झकास. पण सांगाडा एकसंध नसून दोन तुकड्यांचा आहे, आणि गोळी सुटतानाचा दाब ती बिजागरी आणि कळ सोसतात. वर्षानुवर्षांच्या वापरानं तिथं ढिलाई येते. म्हणून असल्या हत्याराला सौम्य काडतूसच बरं.

काडतूसही सौम्यच आहे. पॉइंट ३२ स्मिथ अँड वेसन लाँग, जन्म १८९६ चा. गोळी साधारण सहा ग्रॅमची, वेग आवाजाच्या वेगापेक्षा बराच कमी. तरीही माणूस मारायला पुरेशी, हे विसरायचं नाही.

गंमत म्हणजे, हे काडतूस खेळातही चालतं. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या नेमबाजीच्या प्रकारात बरेच खेळाडू हाच बोअर वापरतात. मी बालेवाडीला नेमबाजी करणाऱ्या एका मित्राला विचारलं, आपली आबांची चालेल का? तो हसला. स्पर्धेच्या पिस्तुलाला नेम बारीक जुळवता येतो, चाप हलका असतो. आमचीवरचा नेम ठोकून बसवलेला, आणि घोडा न ओढता नुसता चाप दाबायचा तर बोट दुखतं.

आणखी एक. आबांच्या जुन्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' असा शिक्का आहे. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या पुण्यातल्या खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा. बंदूक बर्मिंगहॅमची, गोळी खडकीची आणि मालक कराडचा.

मग जीव का जडलाय?

खंडेनवमीमुळे. आमच्याकडे शस्त्रपूजेला पाटावर आधी आबांचा पितळी तराजू, मग कोयता, मग ही. रिकामी करून, दोनदा तपासून, हळदकुंकू लावून. इंजिनिअरिंगला गेल्यावर त्याच रांगेत माझा लॅपटॉप आला. चार पिढ्यांची हत्यारं एका पाटावर. आजी म्हणायची, "आबांनी हिला कधी वापरली नाही, हेच तिचं मोठेपण."

हे वाक्य मला फार आवडतं. पण विचार केला तर यातच उत्तर दडलंय. जिचं मोठेपण न वापरण्यात आहे, ती रोज भरून तयार ठेवायची गरज कोणाला?

कायदा काय म्हणतो?

इथं थोडं लक्ष द्या, कारण घराघरांत यावरून गैरसमज आहेत. पहिला गैरसमज: "वडिलांची आहे म्हणजे आपोआप माझी." नाही. जमीन वारसानं येते, परवाना येत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा. त्यानुसार शस्त्र बाळगायला प्रत्येकाला स्वतःचा परवाना लागतो. परवानाधारक वारला की घरच्यांनी विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. कपाटात पडून राहिलं तर ती आठवण नसते, बेकायदा शस्त्र असतं.

वारसाला मार्ग आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक वारल्यावर वारसाला अर्ज करता येतो. हयातीतही करता येतो: परवानाधारकानं सत्तरी गाठली असेल किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं असेल, यातलं जे आधी होईल तेव्हा तो वारसाचं नाव देऊ शकतो. पप्पा दोन्ही अटींत बसतात. पण अर्ज म्हणजे मंजुरी नव्हे. माझी पोलीस पडताळणी होणार, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागणार, घरी सुरक्षित ठेवायची सोय दाखवावी लागणार.

२०१९ च्या दुरुस्तीनं आणखी दोन गोष्टी बदलल्या. एका माणसाला आधी तीन शस्त्रं ठेवता यायची, आता दोनच, आणि वारशानं आलेलंही त्यातच मोजतात. दुसरं, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. लग्नात, वरातीत हवेत बार काढणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, तेही याच दुरुस्तीतलं. रीलसाठी हातात घेऊन नाचणाऱ्यांनी विशेष ऐका.

ठेवायची तर काय करावं लागेल?

मी एका वहीत लिहून काढलं. तिजोरी, भिंतीत बोल्ट ठोकलेली. मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, म्हणजे आधी घरमालकाची परवानगी. काडतुसं वेगळ्या कुलपात. घर बदललं की परवान्यावर पत्ता बदलून घ्यायचा. निवडणूक आली की शस्त्र जमा करायची नोटीस येऊ शकते. परदेशात प्रोजेक्टवर गेलो तर ते विक्रेत्याकडे जमा करून जायचं. बायकोला "असू दे गं, पडून राहील" असं सांगून भागणार नाही, कारण त्या घरात तीही राहते.

शिवाय देखभाल. लोखंडावरचा तो निळसर-काळा रंग म्हणजे मुद्दाम आणलेला, ताब्यात ठेवलेला गंजच असतो. बोटांचा घाम लागला की त्यावर खरा गंज धरतो. सगळ्यात वाईट म्हणजे चामड्याच्या म्यानात ठेवणं. चामडं ओल धरतं, आणि ते कमावताना वापरलेले क्षार लोखंड खातात. पावसाळ्यात तर बघायलाच नको. कोरडी जागा, तेलाचा पातळ हात, सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पप्पा हे इतकी वर्षं करत आलेत. मी माझ्या सायकलच्या चेनला तेल घालत नाही.

संरक्षणासाठी म्हणाल, तर कुलपात, रिकामी, काडतुसं दुसरीकडे, अशी ठेवलेली रिव्हॉल्व्हर चोर आल्यावर कामाची नाही. आणि कामाची राहावी म्हणून उशाखाली भरून ठेवली, तर चोरापेक्षा घरच्यांनाच धोका जास्त. दोन्ही बाजूंनी हिशोब बसत नाही. ज्याला खरंच गरज आहे, तोही आज नवीन घेईल. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 'निर्भीक' आणली, अर्धा किलोची, सव्वा लाखाच्या आसपासची. आबांची तिच्यापुढे जड आणि म्हातारी.

जे कोणी बोलत नाही ते

आई गेल्यावर पप्पा कराडच्या घरात एकटे राहतात. ते खंबीर आहेत, सकाळी फिरायला जातात, भजनी मंडळात पेटी वाजवतात. तरी मी हा मुद्दा वहीत लिहिला, आणि लिहिताना हात जड झाला. घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. कारण साधं आहे. वाईट क्षण बऱ्याचदा येतो आणि जातो. हाताशी असलं नसलं, यावर पुढचं ठरतं. मध्ये एक कुलूप, एक जिना, एका तासाचा प्रवास असला तरी माणूस वाचू शकतो.

हे मी पप्पांना बोललो. आडून नाही, सरळ. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला तसलं काही वाटत नाही रे. पण तू विचारलंस ते बरं केलंस." तुमच्या घरात एकटं माणूस आणि हत्यार, दोन्ही एका छताखाली असतील, तर विचारा. आणि कोणाला बोलायची गरज असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट, मराठीतही.

विकायची तर कशी?

ओएलएक्सवर नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नाही. घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा वैध परवाना हवा. खासगी माणसाला विकायची तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं: मी विकतोय, घेणाऱ्याचं नाव-पत्ता हा. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. मगच व्यवहार. दुसरा रस्ता परवानाधारक विक्रेत्याला देण्याचा. कोणत्याही रस्त्यानं गेलात तरी आधी तुमच्या परवाना कार्यालयात जाऊन त्यांची पद्धत विचारा: शहरात पोलीस आयुक्तालय, इतर ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय. आणि शस्त्र परवान्यावरून कमी केल्याची नोंद हातात घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

किंमत? १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी शस्त्रं आयात करणं जवळपास बंद आहे. म्हणून देशात आधीच असलेल्या विलायती मालाला हौशी गिऱ्हाईक मिळतं. पण लोखंडाचं वय, बिजागरीची ढिलाई, नळीतली झीज बघून भाव ठरतो. विक्रेता तुमच्या आजोबांची गोष्ट ऐकेल, मान डोलावेल आणि तिचे शून्य रुपये धरेल. त्याचं बरोबर आहे. गोष्ट तो विकत घेतच नाही.

आमचा निर्णय

मला एवढं कळलं. बाकीच्या वारशाच्या वस्तू आपण नुसत्या ठेवू शकतो. तराजू माळ्यावर पडून राहतो, त्याला माणूस लागत नाही. रिव्हॉल्व्हरला चोवीस तास जबाबदार असलेला एक माणूस लागतो. त्यामुळे "मला ती किती आवडते" हा प्रश्नच चुकीचा. प्रश्न असा, की तो माणूस मी व्हायला तयार आहे का? पाच वर्षांसाठी नाही, पुढची तीस वर्षं? आबा तयार होते, त्यांच्याकडे कारण होतं. पप्पा तयार होते, कारण ती आबांची होती. माझ्याकडे फक्त प्रेम आहे, आणि प्रेम हे परवान्याच्या अर्जात लिहायचं कारण नाही.

आम्ही विकतोय. परवानाधारक विक्रेत्यालाच, कारण पुढे ती कोणाच्या हाती जाईल याची कागदोपत्री साखळी तिथं पक्की राहते. पप्पांनी एकच अट घातली: चामड्याचं म्यान द्यायचं नाही. तसंही ते हत्याराला वाईटच होतं. बहिणीनं सुचवलं, आबांच्या जुन्या परवान्याची झेरॉक्स आणि रिव्हॉल्व्हरचे नीट फोटो काढून ठेवू. मी पप्पांना बसवून त्यांच्या तोंडून तिची सगळी हकिगत रेकॉर्ड केली, दीड तास. त्यात आबांचा रात्रीच्या एसटीतला एक किस्सा निघाला, जो मला आजवर माहीतच नव्हता. तो वेगळ्या भागात ऐकवेन, पप्पांनी परवानगी दिली तर.

पैसे आले की त्यातून पप्पांच्या घराच्या जिन्याला कठडा बसवायचा ठरलंय. ७२ वर्षांच्या माणसाचं खरं संरक्षण तेच.

तुमच्याकडे असं काही पडून असेल, शस्त्रच असं नाही, ज्याला सांभाळणारा माणूस लागतो पण तो कोण हे ठरलेलं नाही, तर या दिवाळीला घरी गेल्यावर विषय काढा. सगळे हयात आहेत, बोलते आहेत, तोवर काढा. आणि शस्त्र असेल तर आज रात्रीच परवान्याची मुदत बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!