पायांतले बळ आणि कोलेस्टेरॉलची गोळी

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशातील सुमारे २४ टक्के प्रौढांचे कोलेस्टेरॉल मर्यादेबाहेर आहे. तेव्हा चेन्नईतील मैलापूर-अड्यारच्या घरांतून रात्री जेवणानंतर कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिनची गोळी घेतली जाते यात नवल नाही. जिना चढताना मांड्या भरून आल्या, किंवा जमिनीवरून उठताना हात टेकावा लागला, की दोष त्या गोळीचाच, असा निवाडा मात्र पुष्कळ रुग्ण परस्पर देऊन मोकळे होतात.

हा संशय निराधार नव्हे. क्योतोतील एका धान्यदुकानातल्या तांदळावरील बुरशीतून अकिरा एन्डो यांनी १९७३ साली ज्या द्रव्याचा शोध लावला, त्याची वंशज असलेली ही स्टॅटिने कोलेस्टेरॉल घडविणाऱ्या विकराला अडवितात. त्यांपैकी सेरिव्हास्टॅटिन हे तर स्नायुपेशींचा विध्वंस घडविते म्हणून २००१ साली बाजारातून काढून घ्यावे लागले. तथापि १९ चाचण्यांच्या २०२२ मधील एकत्रित पडताळणीत स्नायूंचे दुखणे वा दुर्बलता स्टॅटिन घेणाऱ्या २७.१ टक्के लोकांनी सांगितली, तर औषधाचा अंशही नसलेली गोळी घेणाऱ्या २६.६ टक्के लोकांनी!

मग स्नायू गळतात कशाने? माझ्या मते पहिली चौकशी थायरॉइडची व्हावी. ही ग्रंथी मंदावली म्हणजे यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल पुरेसे उचलीत नाही आणि त्याच वेळी स्नायूही शिथिल होतात. म्हणजे ज्या विकारामुळे गोळी सुरू झाली, तोच पायांतले बळ हिरावून घेत असतो, आणि वर स्टॅटिनची बाधा होण्याचा संभवही वाढवितो. चेन्नईसह आठ शहरांत झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत हा दोष आढळला होता. एवढी साधी रक्ततपासणी गोळीच्या आधी का होऊ नये? ड जीवनसत्त्वाची उणीवही, भर उन्हाच्या या चेन्नई शहरातही, विसरून चालत नाही. सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन चालू असता खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेतले असल्यास तेही वैद्याला सांगावे, कारण या जोडीने स्नायूंना बाधा होण्याचा संभव वाढतो.

लघवी चहाच्या रंगाची झाली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण फुटलेल्या स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडात अडकू लागलेले असते. क्वचित शरीर स्टॅटिन ज्याला अडविते त्या विकराविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण करते. तेव्हा गोळी बंद केल्यावरही दुर्बलता वाढतच जाते आणि रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारा निराळा इलाज करावा लागतो.